पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के

४ जुलै

चौऱ्याहत्तर टक्के! आणि तेही बेडरूममध्ये, खिडक्या बंद असताना.

मीटर सकाळी कुरिअरने आला. काड्यापेटीएवढा आहे. हवेत दमटपणा किती ते टक्क्यांत दाखवतो. गिटारबरोबर जो कागद आला होता त्यावर स्पष्ट छापलंय – पंचेचाळीस ते पंचावन्न. वर गेलं की लाकूड फुगतं, गिटारचं पोट पुढे येतं, चिकटवलेले सांधे सुटतात. खाली गेलं की लाकूड आकसतं आणि तडकतं. म्हणजे बिचारीने जन्मभर दहा टक्क्यांच्या फटीत राहायचं.

बायको चौतीस वर्षं वॉर्डात सिस्टर होती. गेल्या सोमवारी निवृत्त झाली. हॉस्पिटलमधल्या लोकांनी मिळून तिला निरोपाला गिटार दिली. प्लायवूडची नाही, अस्सल लाकडाची, कारागिराने हाताने केलेली. लग्नाआधीपासून तिला गिटार शिकायची होती म्हणे. मला हे मेट्रनबाईंच्या भाषणातून कळलं. टाळ्या मीही वाजवल्या.

छापखान्याच्या कागदाच्या गोदामात मी अठ्ठावीस वर्षं स्टोअरकीपर होतो. दमट हवा काय करते ते मला कोणी शिकवायला नको. माझ्या कारकिर्दीत एका रिमाची कड वळलेली नाही. तेव्हा मी घरात जाहीर केलं – वाजवायचं तू, सांभाळायचं मी. 'बरं' म्हणाली.

वहीत घोळ नको म्हणून आत्ताच ठरवून टाकतो. यापुढे 'ही' म्हणजे बायको. 'ती' म्हणजे गिटार.

५ जुलै

७६.

७ जुलै

दमटपणा येतो कुठून याचा छडा लावला. बाथरूम, कुकर, पॅसेजमधले ओले कपडे, पुसलेली फरशी. हे सगळे उघड गुन्हेगार. पण दुपारी जेवून आम्ही दोघं तासभर बेडरूममध्ये पडलो, दार लावून, आणि उठल्यावर बघतो तर चार टक्के वाढलेले! माणूस नुसता श्वास सोडतो त्यातही पाणी असतं. एवढी वर्षं लक्षातच आलं नव्हतं.

हिला सांगितलं. पेशंटला विचारतात तशा शांत आवाजात हिने विचारलं, मग एकाआड एक घेऊ का आपण श्वास?

९ जुलै

पलंग हॉलमध्ये आणला. बेडरूम तिला दिली. तिची पेटी आतल्या भिंतीशी, स्टुलावर. बाहेरच्या भिंतीला ओल धरते, तिथे ठेवायची नसते. ओले कपडे बाल्कनीत, कुकर दार लावून, बाथरूमचं दार आंघोळीनंतर तासभर बंद.

मेहुणीचा फोन आला होता. हॉलमध्ये झोपतो म्हटल्यावर तिने आवाज खाली करून विचारलं, भांडण झालं का. हिने सांगितलं – नाही गं, तिला बाळंतिणीची खोली हवीये.

१८ जुलै

दारावर तक्ता लावला आहे. नियम साधा – आकडा पंचेचाळीस ते पंचावन्नमध्ये असेल तर वीस मिनिटं वाजवायला परवानगी. नसेल तर पेटी उघडायची नाही. उघडली की आत हवा शिरते.

पंधरा दिवसांत एकही दिवस बसला नाही. ही रोज सकाळी दारात येऊन विचारते – आज? आज एकसष्ट होते. मी नाही म्हटलं. गेली.

हिने क्लास लावलाय. मंगळवार आणि शुक्रवार. तिकडे गिटारी असतात शिकणाऱ्यांसाठी. उत्तमच झालं. आपटाआपटी तिकडे, जपणूक इकडे.

२३ जुलै

नव्या बुटांच्या खोक्यात पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या असतात ना, ओल शोषणाऱ्या? त्या हव्या होत्या. चपलांच्या दुकानात गेलो. दुकानदाराला वाटलं बूट हवेत. दोन जोड पायात चढवून बघेपर्यंत सांगायचा धीर झाला नाही. मग सांगितलं. त्याने मागून पिशवीभर पुड्या आणून दिल्या आणि प्रत्येक पुडीवर 'खाऊ नये' लिहिलंय तेही दाखवलं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं असेल कोण जाणे.

पेटीत आठ पुड्या ठेवल्या. आठ तासांत आकडा पेटीत सत्तावन्नवर! हे खरं.

२६ जुलै

पुड्या ओल पिऊन भरल्या की फोडून दाणे तव्यावर मंद आचेवर भाजायचे, पुन्हा कोरडे होतात. भाजले. वाटीत काढून ओट्यावर गार करत ठेवले.

मेहुणी आली. ही आंघोळीला गेली होती. मेहुणीने आपला आपण चहा केला आणि वाटीतली 'साखर' दोन चमचे घातली. कपातून तडतड आवाज यायला लागला. तिला वाटलं साखर फारच ताजी आहे. प्यायली! मग दाणे जिभेला चिकटले तेव्हा ओरडली.

ही केस पुसत बाहेर आली, मेहुणीचं तोंड उघडून बघितलं, चूळ भरायला लावली, भरपूर पाणी प्यायला दिलं आणि म्हणाली, काही होत नाही. मग माझ्याकडे वळली. वाटी माझ्या हातात दिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मेहुणी जाताना म्हणाली, भाऊजी, त्या पेटाऱ्यात नक्की गिटारच आहे ना?

२ ऑगस्ट

हे कोणाला सांगायचं नाही. वहीलाच सांगतो.

मीटर बरोबर आहे की नाही ते तपासायची एक जुनी युक्ती आहे. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, चार थेंब पाणी टाकून ओलसर करायचं आणि मीटरबरोबर घट्ट झाकणाच्या बरणीत दिवसभर ठेवायचं. आत बरोबर पंचाहत्तर टक्के होतात. मीठ खोटं बोलत नाही. मीटरने पंचाहत्तर दाखवले तर मीटर खरा.

माझ्या मीटरने शहाऐंशी दाखवले.

अकरा टक्के जास्त! पहिल्या दिवसापासून! म्हणजे त्या शुक्रवारी, अठरा जुलैला, ही दारात येऊन 'आज?' म्हणाली आणि मी एकसष्ट म्हणून परत पाठवली, तेव्हा खोलीत बरोब्बर पन्नास होते. कागदावर छापावेत असे पन्नास. आणि त्यानंतर मी तिला अजून वाळवत बसलो होतो. पेटीत काल सत्तेचाळीसच्या आनंदात झोपलो ते प्रत्यक्षात छत्तीस होते. तडकली असती!

अठ्ठावीस वर्षं गोदामाचा वजनकाटा दर महिन्याला तपासून घ्यायचो. आणि घरातला मीटर महिनाभर डोळे झाकून वाचला. हात दाखवून अवलक्षण.

सगळ्या पुड्या काढल्या. तक्त्यावरचे जुने आकडे खोडरबरने पुसले. ही म्हणाली, पुसताय का? म्हटलं, नवीन महिना.

९ ऑगस्ट

४९! मीठपरीक्षेनंतरचे, खरे ४९. मी स्वतः हिला बोलवायला गेलो. वीस मिनिटं नाही, पंचवीस घे म्हटलं. तर ही पिशवी घेऊन निघालेली. आत्ता नको, खाली शिंपीणबाईंकडे मापाला जायचंय.

मी एकटाच पेटी उघडून बसलो थोडा वेळ. काय रंग आहे लाकडाचा! मधासारखा. बंद केली.

१० ऑगस्ट

५१. ही शिंपीणबाईंकडे.

११ ऑगस्ट

५०. शिंपीणबाईंकडे.

३० ऑगस्ट

शिंपीणबाई आमच्या दोन मजले खाली राहतात, घरातच मशीन आहे. एकट्याच असतात. बाई कामाला चोख. पण ही रोज चार ते सहा मापाला जाते त्याला तीन आठवडे झाले आणि अजून एक कपडा शिवून आलेला नाही. एवढं काय शिवतायत? तंबू?

विचारलं. म्हणाली, फिटिंग जमत नाहीये.

१७ सप्टेंबर

डोकं दुखत होतं म्हणून हिने बाम चोळून दिला. कपाळाला काहीतरी खरखरीत लागलं. हात धरून बघितला तर डाव्या हाताच्या चार बोटांची टोकं घट्ट झालीयेत, घट्टे पडल्यासारखी. नखाने दाबली तरी कळत नाही म्हणाली. वयाने होतं असं.

वय काय फक्त डाव्या हाताला येतं का?

क्लास आठवड्याला दोनच दिवस. घरातली गिटार या महिन्यात उघडली चार वेळा, आणि ती चारही वेळा मीच. म्हणजे माल गेटमधून आत आल्याची नोंद नाही आणि गोदामात माल जास्त भरतोय. माझ्या नोकरीत असं दोनदाच झालं होतं. दोन्ही वेळा खुलासा साधा निघाला होता आणि मला शेवटी कळला होता.

७ ऑक्टोबर

५२. छान कोरडी हवा पडली आहे. सर्दी झालीये मला. तिच्या खोलीत शिंकत नाही.

१४ नोव्हेंबर

दिवस उलटे फिरले. थंडी सुरू झाली, हवा कोरडीठाक. सकाळी ३६! ओठ फुटले माझे, तिचं काय होत असेल.

साबणाच्या डबीला भोकं पाडली, आत ओला स्पंज पिळून बसवला आणि डबी पेटीत ठेवली. थेंब गळता कामा नये, नुसती वाफ यावी. अर्धा दिवस डबी कागदावर ठेवून तपासली. कागदाला डाग नाही. मग आत.

शिवाय हिला सांगितलं की ओले कपडे आता बेडरूममध्येच वाळत घालायचे, बाथरूमचं दार आंघोळीनंतर उघडं ठेवायचं, कुकर लावला की दार सताड उघडायचं. ही कमरेवर हात ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, आणि श्वास? आता सोडायचा का?

सोडायचा. मी आज तासभर तिथे बसून पेपर मोठ्याने वाचला. अग्रलेखाने दोन टक्के वाढले.

२२ नोव्हेंबर

मेहुणी येऊन गेली. स्वतःची साखर पर्समधून घेऊन आली होती.

२ डिसेंबर

तडा गेला.

दुपारी पेटी उघडली, आणि भोकाच्या खाली, मधाच्या रंगाच्या लाकडावर, सरळ, बारीक, दोन बोटं लांब. मी चष्मा पुसून बघितलं. आहे. खिडकीशी नेऊन बघितलं. आहे. ही क्लासला गेलेली. हॉलमध्ये पलंगावर बसून राहिलो. कुकर लावायचा होता तो लावला नाही.

काल हीटर बेडरूममध्ये तासभर ठेवला होता. माझे पाय गार पडत होते म्हणून. माझे पाय!

आली तेव्हा पेटी बंद करून ठेवली होती. तुम्हाला बरं नाही का, विचारलं हिने. नाडी बघितली. मी म्हटलं, थंडी. उद्या दुरुस्तीवाल्याकडे नेतो, तोवर एक अक्षर बोलायचं नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीचं एकच बक्षीस मिळालं बाईला आणि मी ते सांभाळायला घेतलं.

३ डिसेंबर

गिटार दुरुस्त करणारा बाजाराच्या मागच्या गल्लीत बसतो. दुलईत गुंडाळून टॅक्सीने नेली. मांडीवर. ड्रायव्हरला दोनदा सांगितलं सावकाश घ्या, तर तो म्हणाला हॉस्पिटल कुठलं.

दुरुस्तीवाला माझ्याच वयाचा. बोटांवर डिंकाची पुटं, कपाळावर भिंग. मी पेटी उघडून तोंड फिरवून उभा राहिलो. त्याने दिवा जवळ घेतला, बघितलं, आणि फुंकर मारली.

तडा उडून गेला.

केस होता. पांढरा केस, पॉलिशला चिकटलेला. त्याने दिव्याखाली धरला, माझ्या मिशीकडे बघितलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी स्टूल मागून घेतलं.

मग त्याने आतून छोटा आरसा घालून बघितलं, तारांची उंची मोजली, पट्टी लावून पोट तपासलं. म्हणाला, एवढी नीट ठेवलेली गिटार माझ्याकडे येत नाही कधी. मला जरा बरं वाटलं. मग त्याने एक तार छेडली आणि कान लावून बसला.

"वाजवत नाही का कोणी हिला?"

मी म्हटलं, हवामान बघून वाजवतो. तो म्हणाला, नवं लाकूड वाजवल्याशिवाय मोकळं होत नाही, ही अजून तोंड मिटून बसलीये. मग पत्ता लिहून घेताना थांबला. म्हणाला, अरे, तुमच्याच बिल्डिंगमध्ये त्या शिंपीणबाई राहतात ना? त्यांच्याकडची गिटार नेहमी असते की माझ्याकडे. तिचे हाल बघवत नाहीत – तारा अडकवतात तो ब्रिज दोनदा उखडला, मीच चिकटवला, मान वाकलेली, इस्त्रीची वाफ लागून लागून पॉलिश पांढरं पडलंय. पण त्या सिस्टर वाजवतात ना रोज, निवृत्त झालेल्या, अशी बोलते म्हणून सांगू! ओळखता का त्यांना?

म्हटलं, ऐकून आहे.

४ डिसेंबर

ही चारला पिशवी घेऊन गेली. मी सव्वाचारला जिना उतरलो. पायात मोजे.

शिंपीणबाईंचं दार लोटलेलं होतं. आतून मशीनचा आवाज. मग मशीन थांबलं आणि गिटार सुरू झाली. मी पायरीवर बसलो.

मला संगीतातलं काही कळत नाही. पण एक चाल होती, हळू, आणि एका जागी अडखळायची. अडखळली की ही परत मागून घ्यायची. पुन्हा तिथेच अडखळायची. पुन्हा. चिडणं नाही, आदळआपट नाही. सात-आठ वेळा असं झालं आणि मग एकदा ती जागा सुटली, चाल पुढे गेली. शिंपीणबाई आतून म्हणाल्या, गेली बघा. आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

मी खिशातला मीटर काढून दाराच्या फटीशी धरला. ७१. ओले कपडे, इस्त्री, चहाचं आधण.

वर येऊन हात धुतले. का ते माहीत नाही.

६ डिसेंबर

आज विचारलं. ही धुतलेल्या चादरी घडी करत होती, बेडरूममध्ये, पेटीच्या शेजारी.

"खालची गिटार कोणाची?"

घडी पुरी केली हिने आधी. "शिंपीणबाईंच्या भावाची. माळ्यावर पडून होती. ऑगस्टपासून वाजवतेय."

"आणि घरातली?"

"ती तुमची."

मी म्हटलं, हॉस्पिटलने तुला दिली ती. तशी ही माझ्याकडे वळली.

"मलाच दिली. पण मी रोज सकाळी दारात उभी राहून विचारायची आणि तुम्ही आकडा सांगायचात. चौतीस वर्षं डॉक्टरांना विचारून पेशंटला पाणी पाजलंय मी. आता घरात गिटारही विचारून वाजवू का?"

अशा वेळी माणूस नको ते बोलतो, तसं मी बोललो. म्हटलं, अठरा जुलैला खरं तर पन्नासच होते. हिला कळेना. मग मी मीठ, बूच, बरणी, अकरा टक्के, सगळं सांगितलं. ही हसायला लागली. एवढी हसली की चादर तोंडावर धरून पलंग नाही तिथेच बसायला गेली आणि जमिनीवर बसली. मीही हसलो.

मग हसता हसता थांबली.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

दोन ऑगस्टला, मी म्हटलं.

त्यानंतर ही हसली नाही. चादरी उचलून बाहेर गेली.

७ डिसेंबर

घरात बोलणं नाही. मीठ द्या, दार लावा, एवढंच.

८ डिसेंबर

मीठ द्या पण नाही. स्वतः उठून घेतलं.

९ डिसेंबर

पलंग परत बेडरूममध्ये नेला. एकट्याने, ओढत. ही आणि क्लासची पिशवी बाहेर पडल्यावर. तक्ता काढला. दारावर चार चिकटपट्ट्यांचे डाग राहिलेत. पुसले तरी जात नाहीत.

आली, बघितलं. "कमर धरली असेल," म्हणाली. धरलीच होती. बाम लावून दिला. चारही बोटं खरखरीत, कपाळाला लागली होती त्याहून जास्त.

१३ डिसेंबर

पेटी उचलली आणि चार वाजता हिच्या मागोमाग खाली गेलो. शिंपीणबाईंनी दार उघडलं, मला बघून गळ्यातली मापाची टेप काढून ठेवली, जणू काही मीच मापाला आलोय. मी पेटी हिच्यासमोर ठेवून म्हटलं, घे. वाफ असो, ऊन असो, तू वाजव. मी आकडा बघणार नाही.

हिने पेटी उघडली. बराच वेळ बघितलं. एक तार छेडली. मग झाकण लावलं, हळूच, माझ्यासारखंच.

"हाताला परकी लागते हो. आणि कार्यक्रम आठवड्यावर आलाय, आता नाही बदलता यायची."

कार्यक्रम?

शिंपीणबाई मशीनकडे बघत म्हणाल्या की क्लासचा कार्यक्रम आहे, पुढच्या रविवारी, सिस्टर एकट्या वाजवणार आहेत. बाईंनी नवा कपडाही शिवलाय त्यासाठी. म्हणजे फिटिंग खरंच चालू होतं!

मला बोलावणार होतीस का, एवढंच मी विचारलं. ही म्हणाली, ठरलं नव्हतं.

पेटी घेऊन वर आलो. जिना आज फार उंच वाटला.

१४ डिसेंबर

सकाळी चहाच्या कपाशेजारी एक कागद होता. कार्यक्रमाची पत्रिका.

२१ डिसेंबर

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. जुन्या गिटारला पेटी नाही, नुसती चादर गुंडाळून न्यायची. मी घेतो म्हटलं. बसमध्ये ऊन, धूळ, धक्के, एकाची ओली छत्री नाही पण पाण्याची बाटली चक्क तिच्यावर टेकलेली. मी काही बोललो नाही. दात दुखायला लागले माझे न बोलून. ही खिडकीतून बाहेर बघत गालात हसत होती.

आधी वीस-पंचवीस पोरं वाजवून गेली. मग मास्तरांनी सांगितलं, आमच्या सगळ्यात मोठ्या विद्यार्थिनी. हॉलमध्ये माझ्या एका बाजूला मेहुणी, दुसऱ्या बाजूला शिंपीणबाई. हॉस्पिटलमधूनही चौघी आल्या होत्या. ही खुर्चीवर बसली, नव्या कपड्यात, गिटारचं उडालेलं पॉलिश उजेडात स्पष्ट दिसत होतं. वाजवायला लागली.

जिन्यात ऐकलेलीच चाल. ती जागा जवळ आली तशी शिंपीणबाईंनी माझा हात धरला – बाईंच्याही लक्षात आलं नसावं. ती जागा नीट गेली. आणि त्याच्या पुढच्या, सोप्या जागी हिचं बोट घसरलं.

हिने हात तारांवर ठेवून आवाज थांबवला. घाबरली नाही, लाजली नाही. समोर बघून म्हणाली, "पुन्हा घेते."

हॉस्पिटलवाल्या चौघींपैकी एकीने 'अगं बाई' म्हणून डोळ्याला पदर लावला. मला म्हणाली, शीर सापडली नाही की सिस्टर पेशंटला अगदी असंच म्हणायच्या. आणि दुसऱ्या वेळी कधी चुकायच्या नाहीत.

नाही चुकली. मी चौतीस वर्षं हिला ड्यूटीला सोडायला गेटपर्यंत गेलो. आत काय करते ते आज बघितलं.

मेहुणीने मला रुमाल दिला. हवेत दमटपणा आहे, मी म्हटलं.

नंतर मास्तर भेटले. तुम्ही काही वाजवता का, त्यांनी विचारलं. नाही, मी म्हटलं, मी सांभाळतो. काय, ते म्हणाले. गिटार, मी म्हटलं. ते वाट बघत राहिले, मला वाटतं पुढच्या वाक्याची.

२४ डिसेंबर

हिला विचारलं, ती घरातली गिटार तू घेणार नाहीस हे नक्की का. विचार करून म्हणाली, नक्की. दुरुस्तीवाला म्हणतो तोंड मिटून बसलीये, मी म्हटलं. मग तोंड उघडा तिचं, म्हणाली आणि भाजी आणायला गेली.

२ जानेवारी

मास्तरांना फोन केला. वयाची अट नाही म्हणाले. हिला अजून सांगितलेलं नाही. पेटी पुसून ठेवली.

६ जानेवारी

क्लासचा पहिला दिवस. नव्या माणसाला गिटार कशी धरायची ते जुन्यांपैकी कोणीतरी दाखवायचं, अशी तिथली पद्धत. माझ्या वाट्याला सिस्टर आल्या. पेटी उघडली, तिला मांडीवर घेतलं आणि माझ्याच पट्ट्याच्या बकलने तिच्या पाठीवर लांबलचक ओरखडा काढला. पहिला. मी बघतच राहिलो. हिने ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "झालं. आता वाजवा."